तोंडातले तांदूळ

पितळी थाळीत तांदूळ ओतल्याचा आवाज झाला आणि अंगणात बसलेल्या बायका दचकल्या. त्याआधी इतकी शांतता होती, की खाडीपलीकडून कल्याणला जाणाऱ्या आगगाडीची धडधड जमिनीतून जाणवत होती.

महिपत भगताने थाळी देवीच्या तांदळ्यावरून, त्या शेंदूर माखलेल्या दगडावरून, ओवाळली.

"मरीआयला निरोप दिला, वेशीवर टोपली ठेवली, पाठी न बघता घरी आलो. त्या टोपलीतला दहीभात कुणीतरी नेला. म्हणून आय रागावून परत फिरली. काल आनंदाचा पोर पटकीनं गेला." त्याने प्रत्येकीच्या तळहातावर चिमूटभर तांदूळ ठेवले. "चावा, आन पानावर थुका. खरीचे ओले पडतील, चोरटीचे कोरडे. जिचे कोरडे, तिनं देवीच्या पाठून वेस ओलांडायची. एकटीनं. परत यायचं नाय."

पुरुषांचे सकाळीच झाले होते. सगळ्यांचे ओले.

"आटपा गो," गंगुबाई म्हणाली, "मिठागरावर भाकर न्यायची हाय मना." कुणी हसलं नाही.

सगुणाने तांदूळ तोंडात टाकले. जीभ टाळूला चिकटली होती. दहीभात तिनेच आणला होता. पटकीतून उठलेली तुळसा दुसरं काही तोंडात घेत नव्हती, दहीभात दहीभात म्हणून कुंथत होती, आणि घरात दह्याचा थेंब नव्हता. देवीचा घास खाऊन पोर शांत झोपली, आणि सकाळी उठून अंगणात खेळू लागली.

आता ती आईच्या पाठीला टेकून बसली होती. तिच्या अंगाची ऊब लुगड्यातून लागत होती. सगुणा चावत होती. तोंडात नुसती वाळू फिरत होती. आपण गेल्यावर हिची वेणी कोण घालील, एवढाच विचार तिच्या डोक्यात होता.

"थुक," भगत म्हणाला.

ती वाकली. पानावर पडला तो दुधासारखा पांढरा, ओला गोळा. पानाच्या कडेवरून पाणी ओघळलं.

"बघा, बघा," गंगुबाई म्हणाली. "लेकुरवाळीचं तोंड कसं!"

सगुणा पानाकडे बघत राहिली. तिचं तोंड पुन्हा पाण्याने भरलं. तिने गिळलं. पुन्हा भरलं. आंबटसर.

शेवटची ठमाबाई. पटकीच्या मढ्याला शिवायला सख्खे भाऊ भ्यायचे, तेव्हा पाणी तापवून आंघोळ घालायला हीच म्हातारी जायची. तिने बराच वेळ चावलं. पानावर भुकटी सांडली. वाऱ्याने थोडी उडाली.

मग गंगुबाईने पाय आखडून घेतले.

"तरीच. मढ्यांपाशी बसायची हौस होती ती काय उगाच?"

"हसायची पण," मागून कुणीतरी म्हणालं. "मढ्याला आंघोळ घालताना हसायची. मी बघितलंय."

सगुणाने बोलायला तोंड उघडलं. ओठांतून लाळ हनुवटीवर आली. तिने घाईने पदर लावला, गिळलं, पुन्हा उघडलं, पुन्हा तेच. शब्दाला जागाच उरत नव्हती.

ठमाबाई पानावरच्या भुकटीकडे निरखून बघत होती. "मना आठवत नाय," ती हळूच म्हणाली. "पण मीच नेला असंल. देवी काय उगाच सांगंल?" तिने भगताला हात जोडले. मग सगुणाकडे वळून म्हणाली, "पोरीला जप गो बाय. आताच उठलीय दुखण्यातून."

ती उठली आणि मिठागराच्या बांधावरून वेशीकडे चालू लागली. जाणाऱ्याकडे बघायचं नसतं, म्हणून सगळ्या बायकांनी पाठ फिरवली. सगुणानेही. फक्त तुळसा आईच्या खांद्यावरून मान वळवून बघत होती, मिठाच्या पांढऱ्या खाचरांमधून ते लुगडं दिसेनासं होईपर्यंत.

मग तिने आईच्या कानाशी तोंड नेलं.

"आये, भात तर मी खाल्ला ना? मग देवी खोटं कशाला बोलली?"