बाबांचं नाक

लग्न ठरलं तशी आई योलेनीला डोमिनिकन रिपब्लिकच्या राजधानीत, सान्तो दोमिंगोतल्या फाउस्तोच्या स्टुडिओत घेऊन आली. “सासरच्यांना फोटो पाठवायचाय, भाऊ. पोरीचं नाक जरा बारीक दिसेल असं बघा.”

फाउस्तोने एक जुनी रशियन लांब लेन्स काढली आणि स्वतः घडवलेल्या पितळी रिंगने ती नव्या कॅमेऱ्यावर बसवली. “हिने लांबून फोटो काढला की नाक आपोआप लहान दिसतं, ताई.”

“आणि मोठं कशाने दिसतं?” योलेनीने विचारलं.

“छोट्या लेन्सने, अगदी तोंडाजवळ कॅमेरा आणला की.” तो हसला. “पण ती कुणी मागत नाही.”

“मग तीच लावा.”

“वेड लागलंय का तुला?” आई कडाडली. “चारचौघांत नाक कापशील माझं!”

योलेनी स्टुलावर ताठ बसली. तिने हनुवटी वर केली.

 

“आई, असंच रुंद नाक बघून इथल्या पोलिसांनी बाबांना शेजारच्या हैतीचा ठरवलं, ट्रकमध्ये कोंबलं आणि सीमेपार नेऊन टाकलं. आता हे नाक त्यांच्याच शहरात, या स्टुडिओच्या भिंतीवर लागू दे. काका, या अजून जवळ!”