पायाशी खिळे

गवत

"रोमन की आपला?" अलमुटबाईंनी खड्ड्याच्या काठावरून विचारलं.

"रोमन," खाली गुडघ्यांवर बसलेली पुरातत्त्वज्ञ गेझिने म्हणाली. "पायाशी खिळे आहेत."

"बघू."

त्या वाकल्या. सांगाड्याच्या पावलांशी गंजलेले खिळे होते, चण्याएवढे. चपलांचं कातडं कुजून गेलेलं, तळव्याला ठोकलेले खिळे मात्र जागच्या जागी. इथे रोमन फौजेला कापून काढणाऱ्या जर्मन टोळ्या असे खिळे वापरत नसत. त्यामुळे या टेकडीवर सांगाडा सापडला की गेझिने आधी पाय बघायची. खिळे असले की दोन हजार वर्षांपूर्वीचा रोमन शिपाई. नसले तरच हाडं प्रयोगशाळेत जात. चुनखडीच्या मातीत हाडं जुनी दिसतच नाहीत, नुसत्या नजरेने काय सांगणार?

"म्हणजे माझा नाही." अलमुटबाई सरळ झाल्या. "जिवंत असेल मेला कुठेतरी."

मग त्यांनी बिस्किटांची थाळी पुढे केली.

नांगराची माती

त्यांचा नवरा एग्बर्ट चोरून खणायचा. अंधार पडला की धातू शोधायचं यंत्र घेऊन टेकडीवर. नाणी विकून टाकायचा. खिळे कोण घेणार? ते लोणच्याच्या काकड्यांच्या मोठ्या बरणीत भरून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवलेले असत.

बावीस वर्षांपूर्वी, गावात रोमन जत्रा भरली त्या साली, ऑक्टोबरात तो नाहीसा झाला. बरणीही नाहीशी झाली. पोलिसांनी रिकामी फळी पाहिली. मरायला निघालेला माणूस बरणी कशाला नेईल? पळाला, असं सगळ्यांनी ठरवलं.

"बायकोला टाकलं, खिळे तेवढे नेले," अलमुटबाई सांगायच्या. लोक हसायचे. त्याही हसायच्या. त्यांचा डावा हात कोपरात सरळ होत नसे. शिडीवरून पडले, म्हणायच्या.

पण कुठेही सांगाडा निघाला की त्या यायच्याच. पाय बघायच्या. बावीस वर्षांत एकही चुकवला नाही.

पिवळी माती

यंदा रस्त्याचं नवं वळण त्यांच्या घरामागच्या कुरणातून जाणार होतं. रस्त्याआधी उत्खनन, हा नियम. कुरणाच्या टोकाला त्यांच्या मधमाश्यांच्या पेट्या होत्या. तिकडे कुणी फिरकत नसे. आता पेट्या हलवाव्या लागल्या.

धुकं दुपारपर्यंत उठत नव्हतं. पाखरूही बोलत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात खेचराच्या गळ्यातली घंटा निघाली, आत गवत कोंबलेलं.

"आवाज होऊ नये म्हणून," खोदयंत्र चालवणारा फोल्कमार म्हणाला. "शत्रूच्या कानाखालून निसटायचं होतं ना."

"हुशार होते," अलमुटबाई म्हणाल्या.

"मग मेले कसे, काकू?"

"घंटा नाही वाजली. पण दुसरं काहीतरी वाजलं असणार. माणूस सगळीकडे कुठे गवत कोंबणार?"

फोल्कमारने थाळीतलं बिस्किट उचललं. चपलेच्या तळव्याचा आकार, त्यावर खिळ्यांचे ठिपके. जत्रेसाठी गेझिनेने चित्र काढून दिलं होतं. त्यावरून अलमुटबाईंनी आपल्या हाताने लाकडी साचा कोरला होता, डाव्या पायाचा एक, उजव्याचा एक. मध घरचाच.

"आणि हे डॉक्टरबाईंचं फूल!" त्याने टाच दाखवली. "जगातल्या कुठल्याच रोमनाच्या टाचेत नसलेलं."

"पुरे हं," गेझिने म्हणाली.

तेव्हा जी चप्पल सापडली होती तिची टाचच शिल्लक नव्हती. गेझिनेने मनाने भरली. मधे एक ठिपका, भोवती सहा. उजव्या टाचेचा सहावा ठिपका काढायच्या वेळी फोन वाजला आणि तो राहून गेला. साचाही तसाच झाला. त्या फुलावरून परिषदांमध्ये लोक अजून तिला टोमणे मारत. असं एक तरी फूल जमिनीतून निघावं, एवढीच तिची इच्छा होती. पुढच्या वर्षी ती निवृत्त होणार होती.

"निघेल तुमचं फूल," अलमुटबाई म्हणाल्या. "माती काही फेकून देत नाही."

तळ

पेट्यांच्या जागेखाली सांगाडा निघाला. पालथा. कवटी मागून फुटलेली. पळताना मागून वार, गेझिनेने अंदाज बांधला. अंगावर काही नाही. लुटलेला असणार.

फोल्कमार पायांशी बसला होता. एकदम ओरडला.

"फूल! डॉक्टरबाई, तुमचं फूल!"

गेझिने धडपडत तिकडे सरकली. कुंचल्याने माती झटकली. डावी टाच. मधे एक खिळा, भोवती सहा. गंज खरा, घडण खरी, अस्सल रोमन खिळे. बावीस वर्षांचे टोमणे! ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

काठावर अलमुटबाई थाळी घेऊन उभ्या होत्या.

"रोमन," गेझिने वर बघून म्हणाली. "शंभर टक्के रोमन!"

"बरं झालं," त्या म्हणाल्या. या वेळी त्या पाय बघायला वाकल्या नाहीत. त्यांनी थाळी खाली दिली. "घ्या. आत्ताच भट्टीतून काढलीत."

फोल्कमार सगळ्यांना हाका मारत पळाला. गेझिनेने एका हातात बिस्किट घेतलं आणि दुसऱ्याने उजवी टाच झटकली. मधे एक. भोवती... तिने पुन्हा मोजले. पाच. सहाव्या जागी तिने बोटाने माती चाचपली. खिळा नव्हता. गंजाचा डागही नव्हता.

"खा ना, डॉक्टरबाई. गार होतील."

गेझिनेने बिस्किट तोंडाशी नेलं आणि हात तिथेच थांबला. बिस्किट उजव्या पायाचं होतं. त्याच्याही टाचेत, त्याच जागी, ठिपका नव्हता.