दाराबाहेरून

“कापूस नको, जाळीची पट्टी घ्या,” सून दाराबाहेरून म्हणाली. “आणि नुसती वर ठेवू नका. आत भरा.”

उत्तर आलं ते सासऱ्यांचं. तिला तिथून जायला सांग, असं ते मुलावर ओरडले. त्याच्या हातातला चिमटा ताटलीत पडल्याचा तेवढा आवाज आला.

सासऱ्यांना गाठ माकडहाडापाशी झाली होती. तीस वर्षं बस चालवली, त्या बसण्याचं हे बक्षीस, असं डॉक्टर म्हणाले. तिच्यात पू झाला, बसणंच काय, उताणं झोपणंही नको झालं, तेव्हा कुठे ड्रायव्हरसाहेब दवाखान्यात गेले. ऑपरेशन अर्ध्या तासात उरकलं. पण टाके घातले नव्हते. जखम उघडी ठेवून रोज आत पट्टी भरायची, म्हणजे ती तळापासून भरून येते. वरून आधी मिटली तर आत पुन्हा पू साठतो. डॉक्टर हे मुलाला दोनदा समजावत होते आणि सून शेजारी उभी होती. तिला एकदाही समजावायची गरज नव्हती. लग्नाआधी पाच वर्षं ती सर्जरीच्या वॉर्डात नर्स म्हणून हेच करत होती.

लग्न ठरताना सासऱ्यांनी एकच अट घातली होती. परक्या पुरुषांच्या उघड्या अंगाला हात लावून येणाऱ्या बाईच्या हातचं मी जेवणार नाही, असं ते भर बैठकीत म्हणाले. तिच्या वडिलांनी मान खाली घातली. होणाऱ्या नवऱ्याने चहाचा कप उचलून तोंडाला लावला. तिने नोकरी सोडली. त्याला सहा वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत तिने राग कुणाला बोलून दाखवला नव्हता. भांडी घासताना जरा जास्त वाजायची, इतकंच.

आता घरात शिकलेले हात होते आणि ते दाराबाहेर होते. सासूबाईंना रक्त दिसलं की घेरी यायची. रोज दवाखान्यात न्यायचं, तर गाडीत बसणार कशावर? उरला मुलगा. त्याने आयुष्यात स्वतःच्या बोटातला काटा काढला नव्हता. तो डोळे अर्धे मिटून पट्टी जखमेवर अलगद ठेवायचा, चिकटपट्टी लावायचा आणि सुटलो एकदाचा म्हणून बाहेर यायचा. ती रोज दाराबाहेरून सांगायची. सासरे रोज तिच्यावर खेकसायचे.

पाचव्या दिवशी ताप चढला. दुपारी मुलाने खोलीचं दार उघडलं आणि आतला वास बाहेर आला. तो वास तिच्या चांगल्याच ओळखीचा होता. पट्टी किती आत जाते, असं तिने नवऱ्याला विचारलं. जाते की थोडी, तो म्हणाला. तिने डॉक्टरांना फोन लावला. आज जखम आतून साफ झाली नाही तर उद्या पुन्हा कापावं लागेल, असं त्यांनी बजावलं.

नवरा वडिलांची मनधरणी करायला गेला. ते उशीत तोंड खुपसून पडले होते. पुन्हा कापू देत, मेलो तरी बेहत्तर, असं म्हणाले. जनाची नाही तर मनाची तरी आहे मला. सुनेपुढे मी उघडा पडणार नाही.

ते ऐकून तिने आधी हात कोपरापर्यंत धुतले. मग दार खांद्याने लोटलं, आत आली आणि नवऱ्याला बाहेर जायला सांगितलं. तो दारापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

“तू बाहेर हो,” सासरे म्हणाले.

“होते. आधी ऐका, बाबा. अशी पालथी निजलेली किती माणसं मी पाहिली, त्याची मोजदाद नाही. त्यातल्या एकाचाही चेहरा मला आठवत नाही. जखमा आठवतात. सहा वर्षं तुम्ही समजत आलात, मी उघडी माणसं बघत होते.”

सासऱ्यांचा हात हळूहळू मागे गेला आणि त्यांनी स्वतःच चादर खाली ओढली.

वरून जुळू लागलेल्या कडा तिने सोडवल्या. पू वाहू लागला. तिने तो वाहू दिला, जखम सलाइनने तीनदा धुतली आणि पट्टी चिमट्याने दुमडत दुमडत तळापर्यंत नेली. खूप दुखेल, ओरडा हवं तर, असं तिने सांगितलं होतं. ते ओरडले नाहीत. उशीचं टोक त्यांच्या दातांत होतं.

चिकटपट्टीची शेवटची बाजू दाबताना ती म्हणाली, “महिनाभर हे रोज करावं लागेल. सकाळी साडेसहाला करीन. सोमवारपासून सातला माझी ड्यूटी आहे.”

कसली ड्यूटी, असं नवऱ्याने दारातून विचारलं. तिने वळून पाहिलं नाही. जुन्याच वॉर्डात, मेट्रनशी परवाच बोलणं झालंय, एवढंच तिने सांगितलं. तिला त्याच्याशी वाद घालायचा नव्हता. तो पलंगावरच्या माणसाशी घालायचा होता. सहा वर्षांची उत्तरं तिने दातांमागे तयार ठेवली होती आणि त्यांनी तोंड उघडायचीच ती वाट पाहत होती.

सासऱ्यांनी उशीचं टोक सोडलं.

“सहाला ये,” ते म्हणाले. “घाईत केलेलं काम मला चालत नाही.”