पाळीचा नास्तिक

"देव न्हाई म्हननारा एक मानूस उद्या न्याहारीपातूर पायजे," रंगनाथ पाटील म्हणाले. "आन् ह्या आठवड्यात सायबाच्या सरबराईची पाळी तुझी हाय, सूर्यभान."

"जळण देतो, कोंबडं देतो. असला मानूस कुठनं आनू?"

"तूच हो की."

पुण्याहून आलेला पाहणीवाला तरुण चावडीत हिरमुसून बसला होता. धर्मश्रद्धेची पाहणी करत तो पारनेरच्या बाजूला हिंडत होता. 'देव आहे का?' असं त्यानं दारोदार विचारलं आणि अख्ख्या गावानं 'हाय' म्हणून सांगितलं. आता त्याचे प्रोफेसर म्हणणार, गावात न फिरता झाडाखाली बसून लिहिलंस. पाहुणा तोंड पाडून गेलेला पाटलांना खपत नसे.

सूर्यभानची म्हैस आज-उद्या व्यायला झालेली. अशा वेळी देवाशी वाकडं घ्यायचं म्हणजे म्हैस पणाला लावायची. पण पाळी चुकवणारा गावात अजून जन्मला नव्हता.

पहाटे त्यानं म्हसोबाला आंघोळ घातली, ओल्या शेंदरावर दोन्हीकडं ज्वारीचे दाणे चिकटवून कौल लावला आणि हात जोडले. "देवा, तू न्हाईस असं सांगू का? व्हय असंल तर उजवा दे."

डावा पडला.

"पाटलाचं ऐकाया लागतं, देवा," सूर्यभान म्हणाला आणि दाणे पुन्हा चिकटवले. बऱ्याच वेळानं उजवा पडला.

"देव आहे का?" न्याहारीला तरुणानं विचारलं.

"न्हाई."

तरुणाची कळी खुलली. "कधीपासून असं वाटतं?"

"आज सकाळधरनं."

"भीती नाही वाटत?"

"परवानगी हाय."

"कुणाची?"

सूर्यभाननं पाटलांकडं पाहिलं. "माझी," पाटील म्हणाले.

तरुण आणखी दोन भाकरी खाऊन गेला.

दुपारी म्हैस सुखरूप व्याली, रेडी झाली. सूर्यभान रेडीला म्हशीकडून चाटवून घेत होता, तोच शेजारगावचा कोतवाल दारात बैलगाडी घेऊन उभा राहिला.

"आमच्याकडं बी एक पाहनीवाला उतरलाय," तो म्हणाला. "आमच्या पाटलांनी सांगितलंय, तुमचा न्हाई म्हननारा दोन दिस द्या. आमच्यात कुनी तयार हुईना."

"मला न्हाई जमायचं."

"का? हितं तर झ्याक जमलं म्हनं."

"हितली गोष्ट येगळी," सूर्यभान म्हणाला. "तुमच्याकडं भैरोबा. त्याची न् माझी वळख न्हाई."