हाजीर, हानिम

"हा ॲप्रन चढव आणि ट्रे उचल," सहायक दिग्दर्शक तामिर म्हणाला.

नब्रा जागची हलली नाही. "मला डॉक्टरच्या कामासाठी बोलावलंय. संवाद पाठ करून आलेय मी."

"होतं तसं. आता ते काम नायिकेची भाची करणार. दिग्दर्शक वजीहसाहेब म्हणतात, रमजानात रोजा सोडताना अख्खा देश ताटावर बसून मालिका बघतो. झमालेकसारख्या उच्चभ्रू वस्तीतल्या बंगल्यात दक्षिणेकडची काळी नुबियन डॉक्टर आली तर लोकांना ठसका लागेल." आपल्याच विनोदावर तो हसला. "तुला एकच वाक्य आहे. घरच्या मालकिणीपुढे, हानिमपुढे, वाकायचं आणि म्हणायचं, 'हाजीर, हानिम.' जमत नसेल तर फाटक उघडं आहे. पण मग पुढच्या रमजानातही कुणी बोलावणार नाही, सांगून ठेवतो."

खिशातला त्याचा फोन सारखा वाजत होता. कलाकार पुरवणाऱ्या एजन्सीचा होता; म्हातारीच्या कामाला तिकडून बाई यायची होती. उचलायला फुरसत कुणाला? दोन नुबियन मोलकरणी हव्या होत्या, एक तरुण, एक म्हातारी. स्वयंपाकघरात एक तरुण होती, एक म्हातारी होती. हिशेब जुळला होता.

नब्राच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कैरोच्या नाट्यसंस्थेत पहिली आलेली पोरगी, आणि हातात काय, तर ट्रे! तिकडे अस्वानला आई गल्लीभर सांगत सुटली होती, माझी नब्रा टीव्हीवर डॉक्टर होणार म्हणून.

म्हातारी टेबलापाशी बसली होती. रंगानं नब्राहून गडद, पाठ ताठ, पायात सपाता. तिला दिलेला ॲप्रन तिनं घडी करून गरम किटलीखाली ठेवला होता.

"बस गं पोरी. चहा घे."

"मावशी, हे सोनेरी काठाचे कप बंगल्यातले ना? मालक ओरडतील हं."

"ओरडू देत." तिनं दोन चमचे साखर घातली. "कुठली तू?"

"अस्वानची. तुम्ही?"

"आमचं गाव धरणाच्या पाण्यात गेलं. लहान होते मी. 'उठा' म्हणाले, उठलो. चुलीसुद्धा मोडून यावं लागलं. तेव्हापासून कुणी 'ऊठ' म्हटलं ना, की मी मुळीच उठत नाही." ती हसली. "दहीबा माझं नाव."

खिडकीबाहेर रंगभूषाकार एका गोऱ्या नटाच्या तोंडाला काळा रंग फासत होता. तो मालिकेतला दरवान. शूटिंगसाठी भाड्यानं घेतलेल्या या बंगल्याचा खरा दरवान फत्ही उत्तरेकडच्या मन्सुरा शहराचा, मुळ्यासारखा गोरागुलाबी, घाऱ्या डोळ्यांचा. तो दरवानासारखा दिसत नाही म्हणून त्याला फाटकावरून हाकललं होतं. बिचारा गुलाबांच्या वाफ्यापाशी तोंड पाडून उभा होता.

"बघ, आयत्या बिळावर नागोबा," दहीबा म्हणाली. "काळा रंग चालतो यांना. काळं माणूस तेवढं चालत नाही."

"तुम्ही म्हणाल ते वाक्य, मावशी?"

"मी? जन्मात नाही."

"मग काढतील तुम्हाला."

"काढू देत की."

"तुमचं ठीक आहे हो! मला काम हवंय." नब्रानं कप खाली ठेवला. "आईला काय तोंड दाखवू मी?"

"मग डॉक्टरचंच काम कर. पाठ आहे ना?"

"मला कोण करू देणार?"

"विचारायचं कशाला?"

तेवढ्यात हाक आली. दिवाणखान्यात दिवे लागले होते. नायिका रेशमी झग्यात कोचावर पडली होती. म्हातारीनं मागे दाराशी उभं राहायचं होतं. ती आली ती कप हातात घेऊन, आणि सरळ कोपऱ्यातल्या उंच पाठीच्या खुर्चीत बसली.

"ए म्हातारे, ऊठ!" तामिर खेकसला.

ती उठली नाही.

"असू दे, कॅमेऱ्यात येत नाहीये ती," वजीह वैतागून म्हणाला. "चला, सुरू!"

नब्रा ट्रे घेऊन आत आली. वाकली नाही. ट्रे टेबलावर ठेवला, ॲप्रन सोडला, स्टूल ओढून नायिकेजवळ बसली आणि तिचं मनगट हातात घेतलं.

"हानिम, तुमचे रिपोर्ट मी स्वतः पाहिलेत. खोटा धीर देणार नाही. पण तुम्ही लढणार असाल, तर मी रात्रंदिवस तुमच्या शेजारी उभी आहे. मी तुमची डॉक्टर आहे. बघा माझ्याकडे."

नायिकेनं पाहिलं. तिचे डोळे खरेच भरून आले. दिवे धरणारी माणसंही श्वास रोखून उभी होती.

"कट! कट!" वजीह कानशिलापर्यंत लाल झाला. "काय तमाशा आहे हा? कुणी सांगितलं तुला हे?"

कोपऱ्यातून टाळ्या आल्या. "सकाळपासून पहिल्यांदा काहीतरी बघण्यासारखं झालं," दहीबा म्हणाली.

"तुला कुणी विचारलं, गं? ट्रे उचलायची लायकी नाही आणि निघाल्या शिकवायला! दोघींना बाहेर काढा. फत्ही! अरे ए फत्ही!"

नब्राची मान खाली गेली नाही. "जाते मी. पण ते काम माझं होतं. तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय आता." ती खुर्चीकडे वळली. "चला मावशी."

मावशी शांतपणे चहा संपवत होती.

फत्ही धावत आला. गालिच्याच्या कडेला त्यानं जोडे काढले. वजीहला वळसा घालून तो कोपऱ्यातल्या खुर्चीपुढे गेला, कमरेत वाकला आणि म्हणाला,

"हाजीर, हानिम. आधी कुणाला काढू?"