अकराव्याची जागा

स्कार्बरोच्या मैदानावर विल्फ सँडविच आणायचा, मी चहाचा थर्मास, आणि जेवणाच्या सुट्टीत आम्ही इंग्लंडचा सार्वकालिक संघ निवडताना कडाकडा भांडायचो. नियम एकच: दोघांनीही मैदानात बसून पाहिलेलाच खेळाडू घ्यायचा, टीव्हीवरचा चालणार नाही. दहा जणांवर कसंबसं एकमत झालं. "अकरावा वेगवान गोलंदाज हवा," विल्फ म्हणायचा, "आणि तो अजून यायचाय, म्हाताऱ्या. घाई नको." यंदा तो आला, पण विल्फ हिवाळ्यातच गेला होता. शेजारच्या खुर्चीवर मी सवयीनं त्याची उशी ठेवली होती. त्या पोरानं पहिल्याच षटकात दोघांच्या दांड्या उडवल्या. "सापडला रे!" मी ओरडलो आणि उशीकडे वळलो. पलीकडची बाई हसली. "कोण सापडला, आजोबा?" "आमच्या संघातला अकरावा." "मग घ्या की! अडवलंय कोणी?" मी चहाचे दोन्ही कप भरले. "विल्फनं त्याला पाहिलेलं नाही."