तिसऱ्यांदा तोच पिक्चर

रंभानं चप्पल पायात सरकवली की सासू विचारायची, "कुठं चालली?" फाटकापाशी शेजारीण विचारायची, खुर्सीपारच्या चौकात दीर. तरी सगळ्यांना पुरून उरत ती मॅटिनीला जाऊन तोच इंग्रजी पिक्चर तिसऱ्यांदा पाहून आली.

नवरा तेजराम प्लांटमधून आला तो भडकलेलाच. "मीबी पायला तो पिक्चर! ना गाणं, ना गोष्ट. सारी दुनिया जळून खाक, अन् नुसत्या गाड्या उडून राहिल्या. इंग्रजी तं तुले ओ की ठो समजत नाही. मंग जाते कावून?"

रंभानं चहाचा कप त्याच्यापुढं आदळला.

"त्यातली बाई ट्रक घेऊन सुसाट निघते. 'कुठं चालली?' म्हणून विचारणारे सारे आधीच जळून गेले!"